साडेसतरा मीटरची गुहा, आणि मी नऊ मीटरवरून परत फिरले

पेठेतली_मावशी (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथले गडकिल्ल्यांचे आणि मिसळीचे धागे गुपचूप वाचते. आज पहिल्यांदा स्वतः काढतेय, कारण घरात सांगितलं तर "तुला कुणी सांगितलं होतं तिकडं शिरायला?" एवढंच ऐकायला मिळतं.

शिवाजी पेठेत राहते, वय ४३, बँकेत बसून काम. पन्हाळा-पावनखिंड दोनदा चाललेय, त्यामुळं पायांची तक्रार नाही. भाचा आणि त्याचे दोन मित्र गगनबावड्याच्या अंगाला एका सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) भटकत होते, तिथं जांभ्याच्या कड्याखाली त्यांना एक गुहा दिसली. "मावशी, चल, लहानशीच आहे." गेले. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विचारूही नका.)

गावातले एक मामा दाखवायला आले. तोंडाशी शेंदूर फासलेला दगड आहे, म्हणून आधी सगळ्यांना पायताण काढायला लावलं. नमस्कार झाल्यावर "आता घाला, आत काटं हाईत" हेही त्यांनीच सांगितलं. तोंडाशी कमरेएवढी उंची. तीन-चार मीटर ओणवं जाता येतं, मग गुडघ्यांवर. आणि मग छत असं खाली येतं की पोटावर झोपण्याशिवाय गत्यंतर नाही. दीड वीत असेल. चरकात घातलेल्या उसाला काय वाटत असेल ते तिथं कळलं.

अंधाराची भीती वाटली नाही हो. डोक्यावर दिवा होता. श्वास घेतला की पाठ छताला लागायची, सोडला की सुटायची. हे एकदा लक्षात आलं आणि मग दुसरं काही सुचेना. पुढं भाच्याचे बूट, मागं त्याचा मित्र. मी म्हणाले, "मी चालले परत." मागं सरकताना शर्ट वर गोळा होत गेला आणि पोट सोलवटलं ते वेगळंच. बाहेर येऊन घड्याळ बघितलं तर आत जाऊन अकरा मिनिटं झाली होती. मला वाटलं तास गेला असेल.

पोरांनी नंतर सुतळी धरून मोजलं, सगळी मिळून साडेसतरा मीटर. मी नऊवरून परतले. पावसाळ्याआधी परत जायचंय. हे सवयीनं जमतं का, की काही जणांना जमतच नाही? हसू नका.

रंकाळ्यावरचा_वारा

नाद खुळा ताई! आमी अजून पन्हाळ्याच्या अंधारबावीत उतरताना मोबाइल लावतोय.

सडा_आणि_कडा

ताई, परत फिरलात ते बरोबर केलंत. आत कुणी "परत जायचं" म्हणालं की त्याला कारण विचारत नाहीत, आणि सगळी टोळी त्याच्यासोबत बाहेर येते. तुमच्या पोरांनी तसं केलं का?

सवयीबद्दल विचारलंत. जमतं, पण ताकदीनं नव्हे. अरुंद जागेत दगड हलत नाही, हाडं हलत नाहीत. लहानमोठी होते ती फक्त छाती. घाबरलेला माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. छाती फुगलेलीच राहते, छत जास्त टेकतं, की तो आणखी घाबरतो. तुम्ही नेमक्या त्या फेऱ्यात होतात. तिथं हातपाय मारायचे नाहीत. गाल जमिनीला टेकवायचा, लांब श्वास सोडायचा, आणि सोडता सोडता पायाच्या बोटांनी वीतभर पुढं ढकलायचं. थांबायचं. श्वास घ्यायचा. पुन्हा सोडायचा. वीत-वीत करत जायचं.

डोकं सरळ ठेवून छताखाली घालू नका. हेल्मेट कपाळाकडून मागं लांब असतं, कानाकडून कानाकडं अरुंद. तोंड एका बाजूला वळवलं की तेवढी उंची वाचते. एक हात पुढं, एक मागं मांडीलगत ठेवला की खांदे तिरके होऊन रुंदी कमी लागते. खिशात काही नको, कमरेला पट्टा नको. पिशवी पाठीवर तर अजिबात नको. दोरीनं घोट्याला बांधून मागं ओढत न्यायची.

आणि खाली उतरत जाणाऱ्या फटीत डोकं पुढं घालून कधीही नाही. कधीही नाही. अमेरिकेत युटामध्ये नटी पटी नावाची गुहा होती. २००९ च्या नोव्हेंबरात तिथं एक तरुण अशा फटीत डोकं खाली, पाय वर असा अडकला. वाचवणारी माणसं पायापर्यंत पोचली होती, तरी चोवीस तासांहून जास्त खटपट करून त्याला काढता आलं नाही. ती गुहा नंतर कायमची बंद केली. तुमची गुहा सपाट दिसतेय, म्हणून एवढं निवांत लिहितोय.

पेठेतली_मावशी

नाही ना! एक पोरगा माझ्यासोबत बाहेर आला, दोघं पुढं गेले. मलाच तेव्हा वाईट वाटलं की माझ्यामुळं सगळ्यांचा विरस नको.

कडक_चहा

साडेसतरा मीटरला गुहा म्हणायचं का? मेघालयातली क्रेम पुरी चोवीस किलोमीटरच्या वर आहे, वालुकाश्मातली जगातली सगळ्यात लांब. आमच्या गल्लीतलं गटार याच्यापेक्षा लांब असंल.

पेठेतली_मावशी

असेल की. तुम्ही त्यात पोटावर जाऊन आलात की धागा काढा, पहिली प्रतिक्रिया माझी.

रंकाळ्यावरचा_वारा

😂😂 खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी

जांभ्या

कडक_चहा, आपल्याकडच्या गुहा आखूड आणि बुटक्याच असणार, त्याला कारण आहे. लांबलचक गुहा बहुतेक चुनखडीत होतात, तिथं पाणी दगडच विरघळवतं. मेघालयात चुनखडी आहे, आणि क्रेम पुरीसारखी वालुकाश्मातली गुहा हा अपवाद. आपल्या पायाखाली बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पाण्यानं तो तसा विरघळत नाही. म्हणून कुणी "आत झुंबरं लोंबत होती का?" विचारू नये.

पण पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात डोंगरमाथ्यावर जांभ्याची टोपी आहे. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत बसाल्ट कुजत जाऊन वर लोहाचं कठीण कवच उरलं, तोच जांभा. तो वरून कडक आणि खाली मऊ, मातकट. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून खाली झिरपतं, कवच तसंच राहतं आणि खालची माती पावसागणिक धुऊन निघते. त्या पोकळीला तुम्ही गुहा म्हणताय. म्हणूनच छत सपाट असतं आणि उंची नसते. ताई, तुमच्या पाठीला लागत होतं ते कवच आणि पोटाखाली होती ती न वाहून गेलेली माती.

आता काळजीची गोष्ट. जांभ्याचं छत भोकाभोकांचं असतं, ढेकळं निखळतात. खाली ताजे, कडा न झिजलेले तुकडे पडलेले दिसले तर तिथं रेंगाळायचं नाही. छताला हातानं रेटा देऊन पुढं सरकायचं नाही. कोपरं जमिनीलाच.

मिसळपंथी

ताई, सरावाला मसई पठाराखालचा पांडवदरा बघा की. पावनखिंडीच्या वाटेवरच आहे, ती पण गुहाच.

जांभ्या

ती लेणी आहेत, माणसानं कोरलेली. जोतिबाजवळची पोहाळे लेणीही तशीच. जरूर बघा, पण तिथं उभं राहता येतं, त्यामुळं हा सराव होणार नाही. नैसर्गिक गुहेतून झरा कसा येतो ते बघायचं असेल तर आंबोलीला हिरण्यकेशीला जा. नदी गुहेतून बाहेर येते आणि पुढं आजरा-गडहिंग्लजला पाणी पाजते. फक्त आत शिरू नका. २०२० मध्ये तिथल्या कुंडातून माशाची एक नवी जात नोंदली गेली, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. हात जोडायचे आणि काठावरून बघायचं.

भट्टीवाला

मी शिरोली एमआयडीसीत आहे, फौंड्री लाइनला. गुहेतलं मला काही कळत नाही, पण टाकीत आणि डक्टमध्ये माणूस घालायचं कळतंय, आणि तुमचं वाचून अंगावर काटा आला.

आमच्यात एक माणूस बाहेर बसवतात. आतल्याशी बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. आवाज बंद झाला तरी तो आत शिरत नाही, मदत बोलावतो. हे ऐकायला निर्दय वाटतं. पण गावाकडं विहिरीत गाळ काढायला एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतोच की आपण. एकच तोंड असलेल्या, खाली खोलगट गेलेल्या जागेत कार्बन डायॉक्साइड साचतो. हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. पोटावर झोपलेला माणूस नेमका त्याच पातळीला असतो. पानपाचोळा कुजत असेल, वटवाघळांची विष्ठा असेल, तर आणखी. मेणबत्ती विझली की परत फिरू, हा जुना हिशोब धरू नका, कधी कधी ज्योत पेटलेली असते आणि माणूस गळालेला असतो. कारण नसताना धाप लागली, डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, की चर्चा न करता बाहेर.

ताई, तुम्ही घाबरलात म्हणता तेव्हा डोकं दुखत होतं का?

पेठेतली_मावशी

नाही. धाप होती, पण बाहेर आल्यावर दोन मिनिटांत गेली. गुहा सपाट आहे, तोंडाकडं किंचित उतारच आहे, पावसात पाणी बाहेर येतं असं मामा म्हणाले. बाहेर कोण होतं म्हणाल तर मामा होते. पण ते मधेच गुरं बघायला गेले.

भट्टीवाला

म्हणजे कुणीच नव्हतं.

निशाचर

आत वटवाघळं होती का? किती? कुठल्या टोकाला?

मावशीचा_भाचा

मावशीनं लिंक पाठवली म्हणून आलोय. हो, मीच तो. शेवटच्या टोकाला पाच-सहा वटवाघळं होती.

आता इथं सगळे मोठे आहात म्हणून खरं सांगतो, तिकडं हसत होतो ते सोडा. अरुंद भाग दीड मीटरचाच आहे. त्याच्या पुढं छत परत उंच होतं, मांडी घालून बसता येतं. मावशी जिथून फिरली तिथून ती जागा जेमतेम दोन मीटरवर. पण मी तिथं बसलो तेव्हा डोक्यावरचा दिवा मिणमिणायला लागला. दुसरा दिवा म्हणजे मोबाइल, त्यात १२ टक्के. साडेसतरा मीटरच आहे हे मला माहीत होतं, तरी हात कापत होते. मित्राला सांगितलं नाही. मावशीला आत्ता इथंच कळतंय.

पेठेतली_मावशी

ये घरी. बघते तुला.

सडा_आणि_कडा

माणशी तीन दिवे, एकमेकांवर अवलंबून नसलेले. त्यातला एक डोक्यावर. मोबाइल त्यात धरायचा नाही, आणि सेल घरून निघताना बदलायचे. हे १७ मीटरलाही तेवढंच लागू. तुझ्या वयात मीही हेच केलंय, म्हणून जास्त बोलत नाही.

पुढच्या वेळी असं करा. चार जण. सगळ्यात संथ माणूस पुढं, त्याच्या वेगानं बाकीचे. म्हणजे ताई, तुम्ही पुढं. मागच्यानं पायाला चिकटायचं नाही, दोन अंगांचं अंतर ठेवायचं. निम्मी भीती मागं माणूस अडकलाय याचीच असते. घरी कुणाला तरी वेळ सांगून जायचं: "दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर अमक्याला फोन कर." आणि दोनला खरंच फोन करायचा, चहा पीत बसायचं नाही. आत जाताना दर दोन-तीन मीटरला मागं वळून बघा. परतताना तीच जागा वेगळी दिसते, इतक्या लहान गुहेतसुद्धा.

शर्टाचं दुखणं सोपं आहे, एकसंध बॉयलर सूट घ्या.

भट्टीवाला

उद्यमनगर-लक्ष्मीपुरीत कुठल्याही सेफ्टीच्या दुकानात मिळतो. हातमोजे, गुडघ्याचे पॅडही तिथंच घ्या. पण हेल्मेट आमचं पिवळं घेऊ नका. त्याला बहुतेक वेळा हनुवटीचा पट्टा नसतो, पहिल्याच वाकण्यात घरंगळतंय. गिर्यारोहणाचं घ्या, कुणाचं तरी मागून आणा.

निशाचर

उत्तर उशिरा देतोय, फील्डवर होतो.

पाच-सहा असोत की पाचशे, दिसली की थांबा. त्यांच्यावर थेट प्रकाश नको, फोटोचा फ्लॅश नको, बोलणं नको. उन्हाळ्यात बऱ्याच जातींची पिल्लं आईला चिकटलेली असतात. माद्या दचकून उडाल्या की पिल्लं खाली पडतात आणि खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही. एवढीशी गुहा म्हणून तिला कमी लेखू नका. कोल्हापूरपासून फार लांब नाही, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. राऊटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाची ओळख जगाला १९१३ मध्ये तिथूनच झाली, आणि पुढं कित्येक दशकं ती जात जगात आणखी कुठं असल्याचं ठाऊकच नव्हतं. नंतर मेघालय आणि कंबोडियात सापडली. भीमगड अभयारण्य व्हावं या रेट्यात त्या गुहेचा मोठा वाटा होता.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते, ती फुप्फुसात जाऊन तापाचं दुखणं लावते. सरपटताना नाक त्या धुळीपासून चार बोटांवर असतं, म्हणून एन-९५ मास्क लावा. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरला "गुहेत गेले होते" हे आवर्जून सांगा, ते आपण होऊन विचारणार नाहीत. आणि वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना.

मामा काटे म्हणाले ते कसले? काळे-पांढरे?

मावशीचा_भाचा

हो, वीतभर लांब. आणि एक हाड होतं, कुरतडलेलं.

निशाचर

साळिंदर. चुन्यासाठी हाडं कुरतडतं. ते आत असताना तुम्ही तोंड अडवून सरपटत असाल तर त्याला तुमच्यावरूनच बाहेर यावं लागेल. आधी तोंडाशी बसून वास घ्या, ताजे ठसे बघा. अस्वल-बिबट्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी नाही. तोंडाजवळच्या कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवा. सड्यावर फुरसं असतं.

पंचगंगाकाठ

हे सगळं ठीक, पण ताई "पावसाळ्याआधी" म्हणाल्यात ते मला खुपतंय. वळवाचं काय? आपण कोल्हापूरकरांना हे शिकवावं लागू नये. शहरात ऊन पडलेलं असतं आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी चढत असतं, कारण पाऊस तिकडं गगनबावड्याला झालेला असतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे पोरांनाही पाठ. गुहेचंही तेच. थायलंडमध्ये २०१८ च्या जूनमध्ये बारा पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत गेले तेव्हा आत कोरडंच होतं. मागं पाणी भरलं आणि शेवटचा बाहेर यायला १० जुलै उजाडला. पाणी उपसायच्या कामाला आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या कंपनीचे तज्ज्ञ गेले होते, त्याचं इकडं फार कौतुक झालं होतं.

तुमच्या गुहेतून पाणी बाहेर येतं असं तुम्हीच लिहिलंय. ढग दिसला तर घरी मिसळ खावा.

कडक_चहा

बरं, मी माझं गटाराचं वाक्य मागं घेतो. कधी जाताय?

पेठेतली_मावशी (सव्वा महिन्यानंतर, सोमवार)

धागा वर काढतेय. काल जाऊन आले.

मार्चअखेर, आकाश कोरडं, सकाळी नऊला तोंडाशी. चौघं आत आणि माझी धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, बाहेर खुर्ची टाकून. खुर्ची शब्दशः. गाडीत घालून आणली होती. भट्टीवाले दादा, तुमचा परिच्छेद तिला वाचून दाखवला होता. ती दर मिनिटाला हाक मारत होती आणि उत्तर आलं नाही की पोराला पूर्ण नावानं. यापेक्षा चांगला पहारा मिळणार नाही. मामांनी पायताण काढायला लावलं, ते झालं.

या वेळी मी पुढं. मागं कुणाचा हात लागत नव्हता, यानं किती फरक पडला ते सांगता येत नाही. छत खाली आलं तिथं आल्याबरोबर पाठीला ते लागलंच. तीच जागा, छताला अंगठ्याएवढं भोक आहे, त्यावरून ओळखली. गाल मातीला टेकवला. मातीला पहिल्या पावसाचा नाही, जुन्या माठाचा वास होता. मागच्या वेळी वास आल्याचं आठवतच नाही. श्वास सोडला, वीतभर. परत सोडला, परत वीतभर. मधे एकदा हेल्मेट अडकलं. घाबरले, हो. थांबले. तोंड उजवीकडं होतं ते डावीकडं केलं आणि सुटलं. दीड मीटरला किती वेळ लागला ते भाच्यानं मोजलं, सहा मिनिटं.

मग छत वर गेलं आणि मी उठून बसले. मांडी घालून. डोक्यावर चार बोटं जागा. हसू यायला लागलं ते थांबेना. बाहेरून बहीण ओरडतेय, "रडतेयस का गं?"

शेवटचे चार मीटर गेले नाही. टोकाला यावेळी पाच-सहा नव्हती, तीस-चाळीस असतील, एकमेकांना चिकटून, आणि दोन-तीन ठिकाणी पोटाशी काहीतरी लहान होतं. निशाचर, दिवा लगेच खाली केला. मागचे तिघं बसायच्या जागेपर्यंतही आले नाहीत, मी सांगितलं तिथूनच वळले. त्यातल्या एकाला गुहा बघायलाच मिळाली नाही, तो नाराज आहे. त्याला मिसळ चारली.

तर माझी साडेतेरा मीटर झाली. बाहेर येऊन दोनच्या आधी घरी फोन केला.

निशाचर

पोटाशी लहान म्हणजे पिल्लंच. आता जून-जुलै जाऊ दे, तिकडं कुणीच फिरकू नका. ऑक्टोबरात जाताना मला घेऊन चला, जात ओळखू.

पेठेतली_मावशी

चला की. बॉयलर सूट तुमचा तुम्ही आणा. त्यावरून आठवलं, जांभ्याची तांबडी माती कपड्याची जात नाही. दोनदा भिजवला, बादलीतलं पाणी अजून लालच आहे. काही उपाय?

भट्टीवाला

नाही जात. आमच्याकडं पण काळं जात नाही. एक सूट त्यालाच ठेवा.

जांभ्या

लोह आहे ते. वाळल्यावर आधी झटकून, ब्रशनं घासून काढा, मग लिंबू-मीठ चोळून उन्हात. थोडं कमी होईल.

कडक_चहा

ताई, सूटची साइज काय आहे? पुढच्या वेळी मी येतोय. माझं पोट दीड वितीत बसतंय का ते आधी घरात पलंगाखाली बघतो.